नळाला पाणी आलं म्हणून फिशटँक धुऊ नका

पत्र: "आम्ही जुळे सोलापुरात राहतो. जानेवारीत गड्ड्याची जत्रा झाल्यावर धाकटीच्या हट्टापायी दोन फुटी फिशटँक घेतला. सहा गोल्डफिश, दोन एंजल आणि 'हा काच साफ ठेवतो' म्हणून दुकानदाराने दिलेला एक सकर. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पाणी आलं की मी टँक पूर्ण रिकामा करते, खडी चोळून धुते, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ होईपर्यंत पिळते आणि ताजं पाणी भरते. तरी दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होतं, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. अडीच महिन्यांत चार गोल्डफिश आणि एक एंजल गेला. दुकानदाराने आधी निळं औषध दिलं, मग पिवळं. मिस्टर म्हणतात नळाच्या पाण्यातच दोष आहे, सोसायटीच्या बोअरचं भरू. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवांचा तळतळाट नको, टँक देऊन टाका. धाकटी सहावीत आहे. मासा गेला की त्या दिवशी जेवत नाही. मी कुठे कमी पडते आहे? आणि पुढे मे महिना आहे." – एक आई

ताई,

कमी कसल्या पडताय, तुम्ही गरजेपेक्षा फार जास्त करताय, आणि मासे त्यानेच जाताहेत. हे वाचून जिवाला लावून घेऊ नका. दर चार दिवसांनी सगळं पाणी उपसायचं, खडी चोळायची, पुन्हा बादल्या वाहायच्या, एवढे कष्ट घेणारं माणूस निष्काळजी नसतं. हंडा-कळशी आपण अशीच घासतो, म्हणून टँकही तसाच घासला गेला. पण टँकमध्ये डोळ्यांना न दिसणारं बरंच काही जिवंत असतं, आणि माशांचा जीव त्याच्यावर तगून असतो. दर चार दिवसांनी नेमकं तेच मोरीत वाहून जातंय.

आज रात्री काय करायचं ते आधी सांगते, कारणं मागाहून.

निळं आणि पिवळं, दोन्ही औषधं बंद करा. दोन दिवस दाणे बंद. उपाशी मरतील ही भीती सोडा, एवढे वाढलेले मासे चार-पाच दिवस सहज काढतात. घरात परवाचं साठवलेलं पाणी असेलच, आपल्या गावात कोणाकडे नसतं? त्यातलं पंधरा लिटर बादलीत घ्या, बाटलीवर लिहिलेल्या मापाने अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारणारं द्रावण) घाला, टँकमधलं तेवढंच पाणी काढा आणि हे नवं सावकाश, मगाने ओता. उद्या पुन्हा पंधरा लिटर, परवा पुन्हा. आठवडाभर रोज एवढंच. खडीला आणि स्पंजला हात लावू नका. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा, रात्री तर नक्कीच.

आणखी एक, साधं खडेमीठ. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि सव्वा फूट उंच असा टँक असेल तर तो अडीच घनफुटांचा झाला. घनफुटाला 28 लिटर धरले तर 70 होतात, पण खडी आणि वरची मोकळी बोटं वजा केली की हाती 55 ते 60 लिटरच राहतात. लिटरला एक ग्रॅम या हिशोबाने 60 ग्रॅम मीठ काट्यावर मोजा, मगभर पाण्यात विरघळवा आणि दिवसभरात तीन वेळा विभागून ओता. मग रोज जे पंधरा लिटर बदलाल त्यात फक्त पंधरा ग्रॅम, कारण पाणी उडून जातं, मीठ जात नाही. मिठाचं हे पाणी झाडांना घालू नका, संडासाला किंवा फरशीला वापरा. पुढे मीठ बंद झालं की टँकचं पाणी झाडांसाठी उत्तम खत आहे, मोगऱ्याला घालून बघा.

आता कारण. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले दाणे, त्याची विष्ठा, कुजलेलं पान, सगळ्यातून शेवटी अमोनियाच निघतो. नदीत तो वाहून जातो, काचेच्या पेटीत जागच्या जागी साठतो. त्याने कल्ले भाजतात, अगदी भाजतात म्हणावं तसेच, आणि मासा श्वासासाठी वर येतो. तुम्हाला दिसलेली ती तोंडाची उघडझाप हीच.

यावर निसर्गाने उपाय ठेवलाय. एका जातीचे जिवाणू अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषच, ते माशाच्या रक्तात शिरून रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेतं. (मीठ सांगितलं ते यासाठी. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही.) मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते चिकटून बसतात, खडीवर, काचेवर आणि सगळ्यांत जास्त फिल्टरच्या स्पंजमध्ये. स्पंजवरचा तो तपकिरी बुळबुळीत थर तुम्हाला घाण वाटला. टँकमधली सगळ्यांत मोलाची गोष्ट तीच होती.

हे जिवाणू हळू वाढतात. नव्या टँकमध्ये त्यांची वस्ती पुरेशी व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही म्हणाल, आमचा टँक तर अडीच महिन्यांचा आहे. नाही ताई, तो दर वेळी चारच दिवसांचा आहे. पाणी आलं, धुतला, की पुन्हा पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होतं ते याच गोंधळातून. जागा मोकळी झाली की दुसरेच, भराभर वाढणारे जिवाणू पाण्यातच माजतात आणि प्राणवायू खाऊन टाकतात. ते पाहून तुम्हाला वाटतं पाणी खराब झालं, आणि तुम्ही पुन्हा धुता.

निळ्या औषधाचंही तसंच. ते बहुधा मिथिलीन ब्लू असणार. बुरशीवर ते चांगलं चालतं, पण टँकमध्ये ओतलं की हे उपकारी जिवाणूही मारतं. त्याचा वापर करायचाच तर वेगळ्या बादलीत, आजारी मासा बाजूला काढून. तुमच्या माशांना रोग झालेलाच नव्हता. ज्याला विषबाधा झाली आहे त्याला तापाच्या गोळ्या दिल्यासारखं झालं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत पाहुणे येणार म्हणून मी आमचा तीन फुटी टँक आरशासारखा लख्ख केला. खडी गरम पाण्याने धुतली, फिल्टर नवाकोरा दिसेल असा घासला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सगळे पाहुणे त्याच्याभोवती जमले होते. भाऊबीजेला त्यात एकही मासा उरला नव्हता. माझ्या सासऱ्यांनी चार वर्षं सांभाळलेले मासे होते ते. ते मला काही बोलले नाहीत, आणि तेच मला फार लागलं. त्यानंतर मी विचारत, वाचत, बघत शिकत गेले. तुमच्या धाकटीचं न जेवणं मला समजतं.

जिवाणूंची वस्ती लवकर हवी असेल तर आपल्याला ठाऊक असलेलाच उपाय आहे: विरजण लावा. ज्यांचा टँक सहा महिने, वर्षभर नीट चालला आहे अशा कोणाकडून वापरातल्या स्पंजचा तुकडा किंवा मूठभर खडी मागून घ्या. त्यांचे मासे निरोगी आहेत एवढं बघून घ्या. त्यांच्याच टँकच्या पाण्यात, पिशवीत बुडवून, वाळू न देता घरी आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये कोंबा. सहा आठवड्यांचं काम एक-दोन आठवड्यांवर येऊ शकतं. सोलापुरात टँक पाळणारे पुष्कळ आहेत, कोणी ना कोणी देईल. मात्र उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही, तसंच क्लोरीनच्या पाण्यात हा स्पंज पिळला तर काही उरत नाही.

तर मग क्लोरीन. नळाला पाणी आलं की पहिल्या हंड्याला वास येतो, आपण म्हणतो 'पाण्यात औषध टाकलंय.' ते टाकायलाच हवं. उजनीहून शंभरेक किलोमीटर पाइपातून येणारं पाणी आपल्या पोटात जाण्याआधी निर्जंतुक असायला हवं, आणि पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानकच सांगतं की नळापर्यंत लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावा. आपल्याला तो चालतो. माशाचे कल्ले म्हणजे उघड्यावरची नाजूक कातडी, त्यांना तेवढाही नको, आणि जिवाणूंना तर मारण्यासाठीच तो टाकलेला असतो. तेव्हा मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे. ताजं पाणी थेट टँकमध्ये घालणं चूक, पण पाणी वाईट नाही.

आपल्या घरांत नळाला पाणी आलं की कालचं शिळं पाणी ओतून देतात, हंडे घासतात आणि ताजं भरतात. माझी आईही हेच करायची. माशांसाठी हे उलटं करा. त्यांना शिळंच पाणी हवं. पन्नास लिटरचा एक ड्रम फक्त टँकसाठी वेगळा काढा, साबण कधीही न लागलेला. पाणी आलं की भरा, सावलीत ठेवा, दोन दिवस तसाच राहू द्या. क्लोरीन हळूहळू हवेत निघून जातो, एअर पंपाची एक नळी त्यात सोडली तर एका दिवसात. वर जुना पंचा घट्ट बांधा. हवा खेळते, पण डास आत जाऊन अंडी घालत नाहीत. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, तेव्हा हा पंचा विसरू नका. कधी थांबायला वेळच नसेल तर अँटीक्लोरीन. त्यात असतो सोडियम थायोसल्फेट, पूर्वी फोटो धुणारे ज्याला हायपो म्हणायचे तोच. काही मिनिटांत काम करतो. टँकरचं पाणी घ्यावं लागलं तर मात्र दोन्ही करा, ब्लीचिंग पावडर किती टाकली असेल याचा नेम नसतो. पावसाळ्यात गढूळ पाणी यायला लागलं की तेव्हाही.

थोडक्यात, नळाला पाणी येण्याचा आणि टँकचं पाणी बदलण्याचा संबंध तोडा. नळ चार दिवसांनी येवो की सहा, टँकचा वार तुम्ही ठरवा. रविवार ठरवलात तर रविवार. हा आठवडा पार पडला आणि मासे सावरले की दर रविवारी पंधरा लिटर, म्हणजे पाव टँक. त्याहून जास्त नाही. पाणी काढताना पारदर्शक पाइपाचा सायफन करून खडीत खुपसा, तळाची विष्ठा पाण्याबरोबर निघून येईल. एका रविवारी डावी बाजू, पुढच्या रविवारी उजवी. स्पंज महिन्यातून एकदा, तोही टँकमधून काढलेल्या त्याच पाण्यात दोनदा दाबायचा आणि परत लावायचा. तो तपकिरीच राहणार, राहू द्या. काचेवर हिरवं धरलं तर आतून जुन्या कार्डाने खरवडा. साबण, निरमा, फिनेल यांचा हातही टँकला लागू देऊ नका.

बोअरचं विचारलंत. आपल्या भागात खाली काळा खडक, त्यातून येणारं पाणी जड. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, गीझरला आणि बादलीला पांढरा थर धरतो, तुम्ही पाहिलंच असेल. जड पाणी माशांना विष नसतं, काही माशांना तर ते आवडतं. पण एकदम नळाच्या पाण्यावरून बोअरच्या पाण्यावर उडी मारली तर माशाच्या अंगातला क्षारांचा तोल जातो. आठवड्याला पंधरा लिटर असं बदलत गेलात तर चालेल. पण एकदा हे, एकदा ते, असं करू नका. माझं मत विचाराल तर साठवलेल्या नळाच्या पाण्यावरच राहा. आरओचं शुद्ध पाणी सगळ्या टँकला वापरायचं नाही, त्यात क्षारच नसतात, मग पाणी आंबट होत जातं आणि जिवाणूही थकतात. आरओमधून जे फेकलं जातं ते पाणी तर मुळीच नको, त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात.

आपल्या पाण्याचा सामू (पीएच) बहुधा 8 च्या आसपास असतो, म्हणजे आंबटाच्या उलट बाजूचा, अल्कली. हे सांगण्याचं कारण असं की अमोनियाचा विषारीपणा सामूवर आणि उष्णतेवर ठरतो. पाणी 25 अंशांवर आणि सामू 7 असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू 8 झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो, साडेआठला पंधरा टक्क्यांच्या आसपास. शिवाय पाणी तापेल तसा हा आकडा आणखी चढतो. म्हणून थंड गावातल्या कोणाचा टँक पाहून 'त्यांना काही होत नाही, मग आम्हालाच का' असं म्हणून चालत नाही. सोलापूरच्या पाण्यात आणि सोलापूरच्या उन्हात तेवढाच अमोनिया दसपट भारी पडतो.

म्हणून एक खर्च कराच: थेंबांचं टेस्ट किट, अमोनिया आणि नायट्राइट मोजणारं. ज्या पैशात दोन औषधांच्या बाटल्या आल्या त्यातच जरा भर घालावी लागेल. दोन्ही शून्य यायला हवेत. येत नसतील तर मासा कितीही टवटवीत दिसो, पाणी बदला. हे काम धाकटीकडे द्या. वही करू द्या तिला. तारीख, सकाळचं तापमान, दोन्ही आकडे, आणि मासे कसे पोहत होते ते एका ओळीत. सहावीतल्या मुलीला ते नीट जमतं. पुढचा मासा का आजारी पडला हे त्या वहीतून कळेल, आणि तिला नुसतं रडण्याखेरीज काही करता येईल.

आता मे महिना, ज्याची तुम्हाला भीती वाटते आणि वाटायलाच हवी. बाहेर 42 अंश असतात तेव्हा खोलीतला टँक 33-34 ला सहज पोचतो. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांना लिटरमागे 9 मिलिग्रॅम मावत असेल तर 30 ला साडेसात आणि 35 ला सातच्याही खाली. आणि नेमका त्याच वेळी माशाचा श्वास वाढलेला असतो.

आपल्याला एक गोष्ट मात्र अनुकूल आहे. सोलापूरचा उन्हाळा कोरडा असतो. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने टँकही गार करता येतो. वरची काच काढा, त्याजागी मच्छरदाणीची जाळी ताणा, आणि एक छोटा टेबलफॅन तिरका धरून पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडा. दोन ते चार अंश उतरतात. दुपारी टँकचा दिवा बंद ठेवा, खिडकीचं ऊन अंगावर येत असेल तर जाड चादर टांगा, ती तर आपल्या घरात असतेच. बर्फाचे खडे टाकू नका. फारच तापलं तर पाण्याची गोठवलेली छोटी बाटली तरंगत ठेवा, पण अर्ध्या तासात दोन अंशांपेक्षा जास्त उतरू देऊ नका. झटक्याने गार होणं हे गरम राहण्यापेक्षा वाईट.

वारा लावला की पाणी भराभर आटतं. तुमच्या टँकच्या लांबी-रुंदीला एक इंच पातळी उतरणं म्हणजे साधारण साडेचार लिटर. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. ही भर मात्र आरओच्या पाण्याने घाला, नाहीतर महिन्याभरात पाणी आणखी जड होतं. आणि ही भर घातली म्हणजे पाणी बदललं असं समजू नका, रविवारचे पंधरा लिटर वेगळे.

गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी नळातून थेट टँकमध्ये कधीही नको. एप्रिलपासून ते चटके देणारं असतं. सावलीतला ड्रम इथेही उपयोगी पडतो. ओतण्याआधी दोन्हीकडे हात घालून बघा, फरक जाणवला तर थांबा.

वीज गेली तर? बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा. तो मिळेपर्यंत मगाने पाणी उचलून फूटभर उंचीवरून पुन्हा टँकमध्येच ओतत राहा, दर अर्ध्या तासाला दहा-बारा मग. पहाटेची वेळ सगळ्यांत कठीण. रात्रभर झाडं आणि शेवाळ प्राणवायू देत नाहीत, उलट घेतात, म्हणून मासे पहाटेच वर येतात. एअर पंप टँकच्या पातळीपेक्षा वर टांगा, म्हणजे वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं फरशीवर येणार नाही.

आणि डासांची औषधं! हे कोणी सांगत नाही. मच्छरांची वडी, अगरबत्ती, भिंतीला लावायचं लिक्विड, यांतली औषधं माणसाला सोसतात, माशांना अतिशय विषारी असतात. एअर पंप खोलीतली तीच हवा खेचून थेट पाण्यात सोडतो. टँकच्या खोलीत यांतलं काही लावू नका. गल्लीत धुराची फवारणी आली तर खिडक्या लावा, टँकवर ओला पंचा टाका आणि अर्धा तास पंप बंद ठेवा.

माशांच्या निवडीबद्दल थोडं कडू बोलते. साठ लिटरमध्ये सहा गोल्डफिश कधीच जगणार नव्हते. गोल्डफिश खूप खातो, खूप घाण करतो, वाढतोही भरपूर. शिवाय तो थंड पाण्यातला. एंजलला पाणी कोमट लागतं. दोघांना एका टँकमध्ये ठेवलं तर एकाला तरी त्रास होणारच. तुमच्याकडे उरलेले दोन गोल्डफिश मोठा टँक असलेल्या कोणाला द्या. सकर आता चार बोटांचा असेल, तो फूटभराहून मोठा होतो, आणि काच साफ करतो त्याहून जास्त घाण करतो. त्यालाही मोठं घर शोधा. पण काहीही झालं तरी संभाजी तलावात, सिद्धेश्वर तलावात किंवा शेतातल्या विहिरीत सोडू नका. 'सोडून दिला, सुटला बिचारा' असं वाटतं. असेच सोडलेले सकर उजनीत माजले, मच्छीमारांच्या जाळ्यांत आपल्या माशांऐवजी तेच यायला लागले. ज्या धरणाचं पाणी आपण पितो तिथलीच ही गोष्ट आहे.

सोलापूरच्या जड आणि कोमट पाण्यात मनापासून रमणारे मासे आहेत: गप्पी, मॉली, प्लॅटी. गप्पी तर हिवताप विभागाची माणसं डासांच्या अळ्या खायला हौदांत सोडतात, एवढा चिवट. गुरामी हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे मे महिना तो इतरांपेक्षा बरा काढतो. साठ लिटरमध्ये आठ-दहा छोटे मासे, एवढ्यावर थांबा. दाणे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपतील एवढेच, आठवड्यातून एक दिवस उपास. घरात येणारा प्रत्येकजण चिमूट टाकत असेल तर डबी वर ठेवा.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. जीव मरायला ठेवायचे असतील तर न ठेवलेलेच बरे, यात त्या चुकीचं काही बोलत नाहीत. त्यांच्याकडून फक्त पावसाळ्यापर्यंतची मुदत मागून घ्या. तोवर नवा मासा आणायचा नाही, दुकानदाराने कितीही स्वस्तात दिला तरी. एंजल एकटा राहिला तरी चालेल, त्याच्यावरच जिवाणूंची वस्ती जगेल. जूनमध्ये पाऊस पडून पाणी 28-29 वर आलं, वहीत सलग तीन आठवडे दोन्ही आकडे शून्य दिसले, की मग धाकटीला घेऊन दुकानात जा आणि दोनच मॉली आणा. पिशवी न उघडता वीस मिनिटं टँकवर तरंगत ठेवा, मग अर्धा तास दर पाच मिनिटांनी टँकचं वाटीभर पाणी पिशवीत घाला, आणि मासे जाळीने उचलून आत सोडा. दुकानातलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. त्या दोघांना तीन आठवडे झाले आणि आकडे हलले नाहीत, तर पुढचे दोन.